शेजारचे रान घेताय? आधी फेरफार वाचा



सुगी आटोपून हाती चार पैसे आले, की बांधाला लागून असलेले रान विकायला निघाल्याची वार्ता कानी येतेच. रान जरूर घ्या. माझे काम माती-बियाण्याचे. पण जमिनीची प्रत विचारायला येणारे शेतकरी बहुधा इसार देऊन मगच येतात, आणि कागदाचे विचारले की नुसता सातबारा पुढे करतात. सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर नाव असले म्हणजे मालकी निर्विवाद ठरत नाही. दुय्यम निबंधकही दस्त नोंदवून घेतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

म्हणून सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक असतात, त्या प्रत्येकाची नक्कल काढा आणि मागे मागे जात निदान 30 वर्षांचा माग घ्या. रान विकणाऱ्याकडे खरेदीने आले, वाटणीने की वारसाने, ते तेथे कळते. वारसाची नोंद दिसली की थांबा आणि गावात विचारा, मयताला मुली किती? बहुतेक तंटे येथेच उगवतात. "बहिणींनी साडीचोळीवर हक्क सोडलाय" असे सांगतात. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. बाप त्याआधी वारला असला तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या विक्रीला व नोंदलेल्या वाटणीला त्याची बाधा नाही.

नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे असतील, तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता समजावा. त्याच्या एकट्याच्या सहीवर भिस्त ठेवू नका. आई, भाऊ, बहिणी, सर्वांना दस्तात संमती देणार म्हणून घ्या. "बायकांना कचेरीत कशाला आणायचे?" असे विकणारा म्हणू लागला, की मला तरी वास येतो.

आता 'इतर हक्क' हा रकाना पाहा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव तेथे सापडते. कर्ज फेडले असे सांगितले तर बेबाकी दाखला मागा. विहिरीतली पाण्याची पाळी आणि गाडीवाट यांचा उल्लेख दस्तात हवाच, नाही तर रान मिळेल आणि बैल न्यायला वाट नसेल. 'भोगवटादार वर्ग 2' लिहिले असेल, किंवा जमीन आदिवासीची असेल, तर आवश्यक ती सरकारी परवानगी हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तुकडा लहान असल्यास तुकडेबंदी आड येते का, ते तहसील कचेरीत विचारावे. खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावाही लागतो.

सह्या झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस द्यावा लागतो. नोंदणीनंतर गावी फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ती मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपले नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मोजणी मात्र खरेदीआधीच, विकणाऱ्याच्या अर्जाने, भूमी अभिलेख कचेरीकडून करून घ्यावी. तीही पेरणीपूर्वी, उभ्या पिकात कोणी पाऊल टाकू देत नाही.