अंधारात कोण कोणाला दिसते?

गेल्या हिवाळ्यात पांढरकवड्याजवळच्या एका शाळेत 'ध्वनी' या विषयावर मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, झोंबीच्या गेममध्ये आपण वाकून चाललो तर झोंबीला कळत नाही, पळालो की लगेच कळते. त्याला ऐकू कसे येते?" वर्ग हसला. प्रश्न मात्र चांगला होता. शिवाय त्या मुलाचे वडील रोज रात्री तुरीच्या शेतात जागलीला जातात, हे मला नंतर कळले.

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. झोंबी म्हणजे मेलेला, पण चालता-फिरता माणूस. पडद्यावर असे शेकडो झोंबी हिंडत असतात आणि खेळणाऱ्याने त्यांना चाहूल न लागू देता जगायचे असते. झोंबीला अर्थातच डोळे नसतात आणि कानही नसतात. संगणक त्याच्या वतीने सेकंदाला अनेक वेळा काही गणिते करत असतो.

आधी दृष्टीचे पाहू. संगणक तीन गोष्टी तपासतो. खेळाडू ठरावीक अंतराच्या आत आहे का? तो झोंबीच्या नजरेच्या कोनात आहे का? आणि दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेत भिंत किंवा झाड येते का? यातला दुसरा प्रश्न अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर सोडवायला द्यावा. समजा, झोंबी आरंभबिंदूवर उभा राहून क्ष-अक्षाच्या दिशेने पाहतो आहे आणि खेळाडू (३, ४) या बिंदूवर आहे. दोघांतले अंतर ५. दोन सदिशांचा अदिश गुणाकार करून अंतराने भागले की कोनाची कोसाइन ०.६ येते, म्हणजे कोन सुमारे ५३ अंश. झोंबीची नजर दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत पोचत असेल तर खेळाडू पकडला गेला! 'हे सदिश शिकून काय उपयोग?' असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

चांगल्या खेळांत यात प्रकाशाचाही हिशेब असतो. 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा १९९८ चा खेळ या बाबतीत गाजला. त्यात पहारेकरी आहेत आणि झोंबीही. पडद्याच्या तळाशी एक रत्न दिसते. खेळाडूवर जितका जास्त प्रकाश, तितके ते उजळते. ते काळे पडले की समजावे, आपण सावलीत आहोत. या खेळात गालिच्यावरच्या पावलांचा आवाज कमी आणि फरशीवरच्या पावलांचा जास्त होतो, तो दारांतून वळत खोल्याखोल्यांत पसरतो. पहारेकरी एकदम धावूनही येत नाही. आधी थबकतो, मग शोधू लागतो, मग हल्ला करतो.

बहुतेक झोंबी-खेळ मात्र आवाजासाठी सोपी युक्ती वापरतात. प्रत्येक कृतीभोवती एक वर्तुळ कल्पायचे. वाकून चालण्याचे लहान, पळण्याचे मोठे, बंदुकीचे फारच मोठे. वर्तुळात सापडलेल्या झोंबीला ऐकू आले, बाहेरच्याला नाही.

आता हे वर्तुळ खऱ्या शेतात आणून पाहू. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. म्हणजे २ मीटरवर ५४, ४ वर ४८, ८ वर ४२, १६ वर ३६ आणि ३२ मीटरवर ३०. थंडीतल्या शांत रात्री आसपासचा आवाज ३० डेसिबल असेल, तर हे बोलणे साधारण ३२ मीटरपर्यंत उठून ऐकू येईल. पण पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे यांनी ती पातळी ४२ वर नेली, की तेच बोलणे ८ मीटरवर बुडून जाते. (ओळखीचा आवाज कान गोंगाटातूनही थोडाफार वेचून काढतो, तेव्हा हा हिशेब ढोबळच समजावा.) खेळातले वर्तुळ ठरलेले असते, खरे वर्तुळ मात्र ऋतूप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे आकसते, फुगते. चाहूल लागणे हे आवाज किती मोठा यावर नव्हे, तर तो भोवतालच्या आवाजापेक्षा किती वेगळा यावर ठरते.

प्रकाशाचेही तसेच. खेळ बहुधा आपल्या अंगावर किती उजेड पडला ते मोजतो. प्रत्यक्षात पाठीमागे काय आहे ते महत्त्वाचे. बांधावर उभा असलेला माणूस स्वतः पूर्ण अंधारात असला, तरी मागच्या आकाशावर त्याची आकृती स्पष्ट उमटते. वाघाचा भगवा रंग आपल्याला भडक वाटतो, पण चितळाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्याला भगवा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. चितळाच्या दृष्टीने वाघ गवतासारखाच!

आणि बॅटरी? भर दुपारी सुमारे एक लाख लक्स, पौर्णिमेच्या रात्री जेमतेम पाव लक्स उजेड असतो. एवढ्या थोड्या उजेडाला सरावायला आपल्या डोळ्यांतल्या दंडपेशींना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि बॅटरीचा एक झोत हा सराव क्षणात घालवतो. मग झोतात येईल तेवढेच दिसते, बाकी सारे काळेकुट्ट. उलट वाघाच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि पेशींना दुसरी संधी मिळते. वाघाचे डोळे चमकतात ते यामुळेच.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय खेळापुरता उरत नाही. रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून जागल करावी लागते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, म्हणून ओलितालाही अंधारात जावे लागते. टिपेश्वर अभयारण्य इथेच आहे. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका 'अवनी' म्हणजे टी-१ या वाघिणीवर आला. कॅमेरे, हत्ती, कुत्री लावूनही ती महिनोन्महिने सापडत नव्हती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा गळापट्टा लावलेला एक तरुण वाघ शेतांतून, रस्ते ओलांडत, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा दडायचे, रात्री चालायचे. एवढ्या वाटेत माणसाशी त्याची झटापट एकदाच झाली. तो झुडपात विसावला होता आणि काही माणसे नकळत तिथे शिरली. एकाला किरकोळ जखमा झाल्या.

ही शेवटची घटना मला महत्त्वाची वाटते. दोघांनाही एकमेकांची चाहूल वेळेवर लागली नाही! खेळात न कळणे म्हणजे जिंकणे. वाघाच्या मुलखात शेतकऱ्याचे गणित उलटे आहे. माणूस येतो आहे हे दुरून कळले तर वाघ बहुधा बाजूला होतो. म्हणून एकट्याने न जाता मोठ्याने बोलत जाणे, घुंगरकाठी आपटत जाणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. आपले वर्तुळ भोवतालच्या आवाजाबाहेर मोठे करण्याची ती रीत आहे, आणि पावसाळ्यात ते अधिकच मोठे करावे लागते. झोंबीला चुकवणारे वाकणे इथे घातक ठरू शकते. गवत कापायला किंवा मोहफुले वेचायला वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे वन्यजीव-अभ्यासक सांगतात. अर्थात माणसाला न बुजणाऱ्या वाघापुढे हा उपाय पुरेलच असे नाही. रात्रीच्या विजेचा प्रश्न तर घुंगरकाठीने सुटणारा नाहीच.

वर्गात एक प्रयोग सहज करता येतो. एका मुलाचे डोळे बांधून त्याला मधोमध बसवा. बाकीच्यांनी वीस पावलांवरून एकेकाने त्याच्याकडे यायचे. चाहूल लागली की त्याने त्या दिशेला बोट दाखवायचे, बोट बरोबर असेल तर अंतर मोजायचे. आधी अनवाणी, मग चपला घालून, मग सागाची वाळलेली पाने पसरून. नंतर पंखे सुरू करून सगळे पुन्हा मोजा. सागाच्या पानांवरून कोणी दहा पावलांच्या आत न कळता पोचला, तर तो कसा चालला ते नीट विचारून घ्या.