शिरपूरचा हायवे आणि रात्रीची दुचाकी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. शिरपूरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर (जुना क्रमांक ३, आताचा ५२) मात्र कंटेनर, ट्रॅव्हल्स, कापसाच्या ट्रॉल्या आणि शेतातून परतणारी मोटारसायकल सारे एकत्रच धावतात.

रात्रीचा हिशेब अंतराचा असतो. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच सरतात आणि कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. लो बीममध्ये काळपट वस्तू दिसते ती बहुधा ५० मीटरच्या आत आल्यावर. वेग ६० वर आणला की हे गणित कसेबसे जुळते.

सर्वांत घातक म्हणजे उभा ट्रक. टायर फुटला की तो कडेलाच थांबतो. मागचे दिवे बंद, आणि इशारा म्हणून चार दगड नि झाडाची फांदी. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात! ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तरी चिखलाखाली तो निरुपयोगी. समोरून येणारा एकच दिवा मोटारसायकलचाच असेल असे नाही. एक दिवा गेलेला ट्रकही तसाच दिसतो. ढाब्यावरून राँग साइडने येणारेही असतात.

पावसाळ्यात गुरे कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसतात. म्हैस पाठमोरी असेल तर तिचे डोळेही चमकत नाहीत. रिमोल्ड टायरचा सुटलेला पट्टा चुकवताना ऐनवेळी हँडल वळवणे पट्ट्यापेक्षा धोक्याचे. चुकवता येत नसेल तर हँडल सरळ धरून, रेस सोडून, किंचित उठून त्यावरून जावे.

समोरचा प्रकाश डोळ्यांवर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी. हेल्मेटची काळी काच रात्री नकोच; ओरखडे पडलेली पारदर्शक काचही उजेड फाकवते.

सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना मागच्या ट्रककडे लक्ष हवे. ४ जुलै २०२३ रोजी भरदिवसा एक कंटेनर अनेक वाहनांना धडकून पळासनेरच्या हॉटेलात घुसला. किमान १० जणांचा बळी गेला. ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनर जळल्याचा वास येतो. तो वास आला की अवजड गाडीच्या पुढे राहू नये, सुरक्षित जागा पाहून बाजूला व्हावे.

पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान झोप आवरत नाही. चहाचा अंमल चढायला वीसेक मिनिटे लागतात, तेवढा वेळ ढाब्यावरच थांबलेले बरे. गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी डांबराबाहेर काढून स्वतः कठड्यापलीकडे उभे राहावे.

महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर मिळते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. पोलिसांना नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही.