किती कोयते आलेत?

पणदऱ्याहून माळेगावकडे जाताना नीरा डाव्या कालव्याजवळ उसाचे शेजारशेजारचे दोन फड एकाच दिवशी तुटत होते. एकात हार्वेस्टर घरघरत होता, दुसऱ्यात तोडणी मजुरांची टोळी होती. मालकाने बांधावरूनच मुकादमाला विचारलं, "किती कोयते आलेत?"

"साडेआठ," मुकादम मान वर न करता म्हणाला.

ऊसपट्ट्याबाहेरच्या माणसाला हा हिशेब उलगडून सांगावा लागतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, कोयत्यावर, हजेरी कोयत्यावर, खाडाही कोयत्यावर. त्या दिवशीचा अर्धा कोयता म्हणजे विशीतला एक पोरगा होता. बायको बाळंतपणाला गावी थांबलेली. त्याने कोयत्याच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली होती, हात सोलू नये म्हणून.

रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पिताना एक बागायतदार हार्वेस्टरकडे बोट दाखवून म्हणाला, "लय बेस झालं बघा. ह्याला उचल नको, खाडा नाय, रातीतनं पळून जायचं भ्या नाय. हक्काचा गुलाम!" त्याचा कॉलेजातला पुतण्या हसला. "तात्या, गुलाम म्हणू नका. पुढं रोबोंना पण हक्क मिळणारेत."

दोघांचंही बोलणं मला पटलं नाही, पण टपरीवर वाद घालायला वेळ नव्हता. तो राहिलेला वाद आता इथे घालतो.

"रोबो लोखंडाचा. त्याचा गुलामीशी काय संबंध?"

संबंध नावातच आहे. चेक लेखक कारेल चापेक याने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं आणि १९२१च्या जानेवारीत ते रंगभूमीवर आलं. कृत्रिम कामगारांना काय म्हणावं हे त्याला सुचत नव्हतं, तेव्हा चित्रकार भाऊ योसेफने 'रोबो' हा शब्द सुचवला. तो 'रोबोता'वरून आला, आणि रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबून भरायचे दिवस. आपल्या भाषेत, वेठ. तिकडे ती १८४८ साली कायद्याने बंद झाली, म्हणजे चापेकच्या प्रेक्षकांच्या आज्या-पणज्यांनी ती भोगलेली होती.

आणखी एक. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. कारखान्यात कणकेसारखा मळलेला जिवंत लगदा, त्यातून घडवलेली, माणसासारखीच दिसणारी शरीरं होती ती. पुढे ती बंड करतात. आपण त्याला 'यंत्रमानव' म्हटलं. त्या शब्दात यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळून पडली.

"आपल्याकडे गुलामी नव्हतीच"

हे मी शिकल्या-सवरलेल्यांकडूनही ऐकतो. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. गुलामाच्या मालकीला कोर्टात मान्यता द्यायची नाही, हा कंपनी सरकारचा कायदा १८४३चा. ती गुन्हा ठरली १८६०च्या दंडसंहितेने. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केली, ते काही दूरच्या देशाचं कौतुक म्हणून नव्हे. महार वतनाच्या नावाखाली गावोगाव राबवून घेतलं जायचं. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि ती वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. संविधानाच्या २३व्या कलमात 'बेगार' हा शब्दच वापरलेला आहे. वेठबिगारीविरुद्धचा स्वतंत्र कायदा १९७६चा.

आणि १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली. सक्ती फक्त काठीने होत नाही. गरिबीने दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही सक्तीची मजुरीच. उचल घेऊन सहा महिने बांधल्या गेलेल्या टोळीकडे बघताना हा निकाल आठवावा.

"गुलाम म्हणजे मुकाट राबणारा, बिनडोक"

मग मलिक अंबरचं काय करायचं? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनमध्ये आलेला हा हबशी गुलाम निजामशाहीचा पेशवा झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुलवलं. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि जमीन महसुलाची घडी बसवली. विकलेला माणूस बुद्धीने कमी नव्हता. त्याला विकणारे मात्र त्याला वस्तू समजत होते.

म्हणून गुलामीची खूण कष्टात किंवा आज्ञापालनात शोधायची नाही. समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटरसन याने १९८२च्या आपल्या ग्रंथात ती 'सामाजिक मरणा'त शोधली. गुलामाला आईबाप असतात, पण ते कुणी मोजत नाही. लेकरं असतात, पण ती त्याची धरली जात नाहीत. नात्यागोत्यातून, अब्रूतून माणूस उपटून काढायचा आणि तो परत रुजणार नाही याची काळजी घ्यायची, ही गुलामी. हार्वेस्टरला कुठून उपटणार? त्याला माहेर नाही, गाव नाही. तात्यांचा 'हक्काचा गुलाम' तिथेच बाद होतो. उपटून काढता येण्यासारखं यंत्रापाशी काही नाही. टोळीतल्या बाईपाशी आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं बरीच सांगितली गेली, त्यातलं एक सगळ्यांच्या ओळखीचं होतं. पाळीच्या दुखण्यात घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. यंत्राला आजारपण नसतं याचं कौतुक करणाऱ्या फडात, बाईचं शरीरही तसंच करून घ्यायचा हा प्रकार.

"यंत्र आलं की गुलामी आपोआप जाते"

सगळ्यात रुळलेला गैरसमज हाच, आणि त्याला आधार म्हणून ॲरिस्टॉटलचं नाव घेतलं जातं. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात तो म्हणतो की धोटा आपला आपण विणू लागला, वीणा आपली आपण वाजू लागली, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. लोक हे भविष्य म्हणून वाचतात. त्याने ते लिहिलं गुलामीचं समर्थन करताना! धोटा आपोआप चालत नाही, तेव्हा गुलाम लागणारच, असा तो युक्तिवाद आहे. शिवाय पुढच्याच ओळींत तो सांगतो की गुलाम हा माल बनवण्यासाठी नसून घरात हाताशी राबण्यासाठी असतो. म्हणजे माग स्वयंचलित झाला असता तरी पाणी भरणारा, पाय चेपणारा गुलाम सुटला नसता.

त्याच्याच नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मात्र एक वेगळी जागा आहे. गुलाम हे जिवंत हत्यार आणि हत्यार हा निर्जीव गुलाम, म्हणून गुलामाशी गुलाम म्हणून मैत्री होत नाही. पण माणूस म्हणून होऊ शकते, असं तो म्हणून जातो. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यात अडकलेली गाठ मला आमच्या बांधावर रोज दिसते. हत्याराचं नाव माणसाला देऊन आपण ती आणखी आवळली.

आता इतिहास बघा. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने कापसातली सरकी वेगळी काढायचं यंत्र बनवलं. तेच जिनिंग, आपल्या खानदेश-विदर्भाच्या ओळखीचं. हातांनी दिवसभर चालणारं काम झटक्यात होऊ लागलं. गुलाम कमी व्हायला हवे होते. झालं उलटच. १७९०च्या जनगणनेत तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६०मध्ये साडेएकोणचाळीस लाख. सरकी काढणं स्वस्त झालं, म्हणून कापसाची लागवड वाढली. पण वेचणी हातानेच होती, म्हणून वेचणारे हात आणखी विकत घेतले गेले. यंत्राने एक टप्पा सोडवला आणि त्याच्या अलीकडचा टप्पा आवळला.

आमच्याकडे याच्याशी मिळतंजुळतं घडलं, फक्त खरेदी-विक्रीच्या जागी उचल आली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप १९५०च्या डिसेंबरात सुरू झालं. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले, गाळपक्षमता वाढत गेली. गाळप यंत्रावर, तोड मात्र कोयत्यावर. कारखान्याचं चाक थांबता कामा नये, मग जिरायती मुलखातून टोळ्या आणायच्या आणि त्या हंगामभर टिकाव्यात म्हणून आगाऊ पैशात बांधायच्या. कारखान्यांनी या भागाला रस्ते दिले, शाळा दिल्या, ते मीही खाल्लेलं मीठ आहे. पण उचलीची पद्धत यंत्र असूनही टिकली असं नाही, यंत्राच्या भुकेने ती वाढवली.

आता हार्वेस्टर तोडीच्याच टप्प्यावर आला आहे. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोठा हार्वेस्टर शंभराच्या वर जातो. मग कोयता सुटला का? टोळीतल्या कुणालाही विचारा, सुटण्याचे दोन अर्थ होतात. फडातून सुटणं, आणि कामावरून सुटणं. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती संप आणि वाटाघाटी करून. कोयत्याविना उसाचं चिपाड होतं, हीच त्या वाटाघाटीतली कामगारांची ताकद. ती हार्वेस्टर काढून घेतो. त्याच्या बदल्यात बीडच्या जिरायतीत काय देणार, हे यंत्र सांगत नाही, माणसांनाच ठरवावं लागेल.

"आता रोबोंनाही हक्क मिळायला लागलेत"

पुतण्याला सोफिया नावाची रोबो आठवत असणार. ऑक्टोबर २०१७मध्ये सौदी अरेबियाने त्या बाहुलीला नागरिकत्व जाहीर केलं. ती जाहिरात होती. त्या देशात हाडामांसाच्या बाईला तेव्हा गाडी चालवायचीही मुभा नव्हती, ती मिळाली २०१८च्या जूनमध्ये. सोफियाच्या आधी, २०१७च्याच फेब्रुवारीत, युरोपीय संसदेने प्रगत रोबोंना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' मानता येईल का याचा विचार करावा, असा ठराव केला होता. तो बंधनकारक नव्हता, आणि अनेक तज्ज्ञांनीच त्याला जाहीर विरोध केला.

विरोध का, हे आपल्याला चटकन कळेल. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती असू शकते, कंपनी असते. देवस्थानाच्या जमिनीचा दावा देवाच्या नावाने चालतो. देवाला वेदना होतात की नाही हा प्रश्न कोर्ट विचारत नाही. मिळकत कुणाची आणि जबाबदारी कुणाची एवढंच ठरवायचं असतं. मग यंत्राला व्यक्ती केलं तर फायदा कुणाचा? हार्वेस्टरने कुणाचा पाय घेतला की मालक म्हणणार, त्यालाच विचारा! रोमन कायद्यात गुलामाने नुकसान केलं तर मालकाने भरपाई द्यायची, नाहीतर गुलामच फिर्यादीच्या हवाली करायचा. यंत्राच्या बाबतीत हा नियम अगदी रास्त आहे. माणसाच्या बाबतीत तो भयंकर होता. फरक आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

जोआना ब्रायसन या संशोधक बाईंनी २०१०मध्ये 'रोबो गुलाम असावेत' अशा मथळ्याचा निबंध लिहिला, त्यावर बरंच काहूर उठलं. त्यांचा मुद्दा साधा होता. यंत्र आपण बनवतो, विकत घेतो, तेव्हा त्याची जबाबदारी आपली. ते माणूस असल्याचा देखावा करू नका. पुढे त्यांनीच मान्य केलं की 'गुलाम' हा शब्द चुकला. चुकलाच. गुलाम म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येतो, आणि तो यायलाच हवा.

"मग यंत्राशी कसंही वागा"

असंही नाही. खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टरला हार घालतो, कोयत्याला हळदकुंकू लावतो. कोयत्याला ते कळतं म्हणून नव्हे, आपला हात वळणावर राहावा म्हणून. कांट जनावरांबद्दल काहीसं असंच म्हणाला होता. कुत्र्याशी निर्दयपणे वागणारा माणसाशीही निर्दय होत जातो. बैलाच्या बाबतीत मला ते अपुरं वाटतं, कारण बैलाला चाबूक लागतो. फोनमधल्या बाईच्या आवाजावर खेकसणाऱ्या पोराच्या बाबतीत मात्र ते लागू पडतं. फोनचं काही जात नाही, पोराचं वळण जातं.

आणि मालक कोण, हेही दिसतं तितकं सरळ नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाचे प्रयोग झाले. उपग्रह, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र यांची माहिती जमवून मोबाइल सांगतो, आज पाणी द्या, उद्या खत थांबवा. २०२५च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी या उसाचा जाहीर उल्लेख केला. पाणी आणि खत वाचत असेल तर मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण हुकूम कोण कुणाला देतंय? हेगेलने १८०७मध्ये मालक-गुलामाच्या नात्याचा जो उलगडा केला त्यात राबणारा हळूहळू शहाणा होतो, आणि राबवून घेणारा त्याच्यावर अवलंबून राहून पांगळा. पायाने माती दाबून वाफसा ओळखणारे म्हातारे पणदऱ्यात अजून आहेत. त्यांचं ज्ञान मोबाइलमध्ये उतरलं तर मालकी कुणाची, हा रोबोंच्या हक्कापेक्षा जवळचा प्रश्न आहे.

दुपारनंतर हार्वेस्टर फडाच्या टोकाला अडला. वळायला जागा नव्हती. मशीन घालण्याआधी कडेचा ऊस हाताने तोडून ठेवावा लागतो, तो राहून गेला होता. ड्रायव्हरने हाक मारली आणि मुकादमाने अर्धा कोयता तिकडे धाडला. पोराने अर्ध्या-पाऊण तासात कड मोकळी केली. मग केबिनपाशी जाऊन ड्रायव्हरला विचारलं, "दादा, फोन लावू का चार्जिंगला?" ड्रायव्हरने हात पुढे केला. हार्वेस्टर पुन्हा सुरू झाला, फोन आत, आणि पोरगा मशीनच्या बरोबरीने बांधावरून चालत राहिला, गावाकडून फोन आला तर ऐकू यावा म्हणून.