फ्लाव्हिया म्हणजे सोनेरी केसांची

काल बँकेच्या रांगेत पुढच्या बाई म्हापशाच्या निघाल्या. नाव फ्लाव्हिया. मला नावांचा छंद, राहवलं नाही, अर्थ सांगून टाकला. लॅटिन ‘फ्लाव्हुस’ म्हणजे पिवळा, सोनेरी. त्यावरून सोनेरी केसांची. बाईंनी आपल्या काळ्याभोर वेणीवरून हात फिरवला आणि मनापासून हसल्या.

रोममध्ये हे घराण्याचं नाव. सम्राट वेस्पासियन त्यातलाच. इ.स. ६९ ते ९६ या घराण्याची सत्ता होती, कलोसियम त्यांनीच बांधलं.

अशाच अर्थाचं नाव आयर्लंडमध्ये फिनबार. ‘फिओन’ गोरा, ‘बार’ माथा. कॉर्क शहराच्या संताचं नाव हेच.

आणि आपल्याकडे? आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी! हिरण्य म्हणजे सोनं. मला सगळ्यांत हेच आवडतं.

तुमच्या नावाचा अर्थ हवाय? जरूर विचारा.