गुलमोहर गेला, हरळी लावायची आहे

जूनचा शेवटचा आठवडा. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतला गुलमोहर बुंध्यापाशी आतून पोकळ झाला होता. महापालिकेची परवानगी घेऊन तो मे महिन्यात उतरवला आणि बुंधाही यंत्राने किसून घेतला. मधोमध उघडं पडलेलं लॉन सांधायचं काम आज आमच्याकडे आहे.

सकाळी ७:००
आधी मोजमाप. दहा फूट व्यास, खोली सव्वा फूट. वरून पाहिलं तर हा खड्डा वाटतच नाही, कारण किसलेल्या लाकडाचा भुसा मातीत मिसळून काठापर्यंत भरलेला आहे. "यावरच माती पसरून गवत लावलं तर?" सेक्रेटरी काका विचारतात. लॉन बिघडतं ते याच घाईने. भुसा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागतं आणि ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. वरचं गवत मग पिवळं पडतं. शिवाय लाकूड कुजेल तशी जागा खचते.

७:३०
भुसा उपसायला घेतला. मूठभर दाबून पाहिला. मूठ उघडली की तो पुन्हा फुगतो. ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागते आणि आंबूस वास येतो, म्हणजे कुजणं सुरू झालंय. घमेल्यांनी तो मागच्या खतखड्ड्यात नेला. शेणाचे थर देत कुजवला की वर्षभरात चांगलं खत होईल.

९:३०
आता मुळं. गुलमोहराची मुळं उथळ पसरतात, म्हणून खड्ड्याच्या काठाबाहेरही लॉनखाली मनगटाएवढ्या मुळ्या सापडतात. वरच्या फूटभरातल्या सगळ्या टिकावाने मोकळ्या करून करवतीने कापल्या. त्याखालच्या राहू दिल्या. त्या उकरत बसलो तर चांगलं लॉनही जाईल. पाण्याची पाइपलाइन जवळून जाते, तिथे पहार न वापरता खुरप्याने काम केलं.

११:००
लाल मातीचा टेम्पो आला. हिशेबाने खड्ड्याला एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट माती लागते. पण धुमसल्यावर ती बसते, म्हणून सव्वा ब्रास मागवली. उतरवण्याआधी चार ठिकाणची माती चाळून पाहिली. शोधतो ते लव्हाळ्याच्या गाठी: काळपट, हरभऱ्याएवढ्या, बारीक मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. एक गाठ राहिली तरी तिच्यापासून नव्या गाठींची साखळी तयार होते आणि वरून कितीही उपटलं तरी लव्हाळा परत येतो. ही माती स्वच्छ निघाली. नसती तर टेम्पो परत पाठवला असता.

११:३०
भराई. एकदम ओतायची नाही. सहा इंचांचा थर, वर हलकं पाणी, मग धुम्मस. पुन्हा थर, पुन्हा धुम्मस. सोबतचा पोरगा विचारतो, "दादा, पाऊस बसवेलच की माती, मग एवढं कशाला?" पाऊस माती बसवतो खरा, पण सगळीकडे सारखी नाही. एकीकडे खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि तिथलं गवत सडतं.

दुपारी १:३०
जेवण, थोडी विश्रांती.

२:१५
वरचे चार इंच वेगळे. तीन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. शेणखत चाळूनच घ्यायचं. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या गवताची मुळं खातात. फळीने पातळी काढताना नवी जागा आजूबाजूपेक्षा दीड इंच उंच ठेवली. पुढे ती बसणारच आहे.

३:३०
लावणी. नर्सरीत मेक्सिकन लॉनच्या तयार गाद्या मिळतात, पण इथलं जुनं लॉन हरळीचं आहे. दुसऱ्या जातीचं ठिगळ कायम वेगळं दिसतं. म्हणून याच लॉनच्या मागच्या कडेची हरळी काढली आणि दोन-तीन पेरांचे तुकडे केले. चार-चार इंचांवर पेरं मातीत, शेंडा बाहेर. झाडाच्या सावलीत हे गवत नेहमी विरळ राहायचं, कारण हरळीला भरपूर ऊन लागतं. आता ते मिळेल.

पहिल्या मजल्यावरच्या आजी येऊन उभ्या राहतात. "गणपतीला दुर्वा निघतील का रे इथून?" दुर्वा म्हणजे हीच हरळी. दोन महिन्यांत जागा भरायला हवी, पण यंदा मागच्या कडेच्याच खुडा, असं त्यांना सांगितलं.

५:००
हलका रोलर फिरवला, झारीने पाणी दिलं. पाइपची धार मारली तर तुकडे उघडे पडतात.

५:३०
सोसायटीच्या मंडळींना घेऊन कुंपणाकडे गेलो. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी लागवड करावी लागते. जुन्याच जागी लावलं तर रोपाला कुजत्या मुळांशी झगडावं लागेल आणि लॉनही पुन्हा उकरावं लागेल. गुलमोहर मुळात मादागास्करचा; त्याच्या जागी ताम्हण लावू या, असं सुचवलं. तो राज्याचं फूल देतो आणि आपल्याच मातीतला आहे. मंडळींना पटलं.

६:००
निघताना वॉचमनदादांना सूचना दिल्या. पाऊस नसेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. तीन आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही. यंत्र फिरवायची घाई नको, पहिली कापणी कात्रीने आणि वरवरची. कुठे अळंबी उगवली तर घाबरू नका, खाली राहिलेलं मूळ कुजतंय एवढाच त्याचा अर्थ. मात्र ती कुणी खायची नाही.

सेक्रेटरी काकांना एक गोष्ट कागदावर लिहून दिली: पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यानंतर ही जागा थोडी खचेल. तेव्हा गवत उकरू नका. चाळलेली माती अर्धा इंच पसरा, हरळी तिच्यातून वर येते. मोठं झाड जमिनीखाली बराच काळ शिल्लक असतं, आणि त्याच्या वेळेने चालावं तेव्हाच लॉन नीट सांधतं.