रोख की पुढचा चेक?

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजारात कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा चेक पडला, तोही पंधरा दिवस पुढच्या तारखेचा! तेव्हा पट्टीवर रकमेइतकीच तारीखही पाहा.

समजा, तुमची पट्टी 20,000 रुपयांची झाली. अडत्या म्हणाला, "पंधरा दिवसांनी पूर्ण घ्या, नाहीतर दोन टक्के कापून आज रोख न्या." कपात 400, हाती 19,600. दोनच टक्के वाटतात. पण पंधरा दिवसांचे दोन, म्हणजे वर्षाचे जवळजवळ पन्नास टक्के व्याज झाले!

मुळात विकल्या मालाचे पैसे 24 तासांत देण्याचा नियम आहे. त्याची आठवण करून द्या. ऐकले नाही, तर पट्टी घेऊन बाजार समितीत लेखी तक्रार करा.