सोनोग्राफी नॉर्मल, दुखणं तिथंच

“ओटीपोटात दुखत होतं, पण सोनोग्राफी नॉर्मल आली. म्हणजे काही नाही.”

या एका वाक्यावर पुण्यातल्या सगळ्या कर्वेनगरचं एकमत आहे. कमिन्स कॉलेजच्या आसपास पीजीत राहणारी मुलगी हेच म्हणते, वारज्याहून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी हेच म्हणतात आणि सोसायटीतल्या काकूही रिपोर्टची फाईल बंद करून हेच सांगतात. काही डॉक्टरही रिपोर्टवर नजर टाकून “सगळं छान आहे” म्हणतात आणि ॲसिडिटीची गोळी लिहून देतात. दुखणं मात्र थांबत नाही.

पेल्विक इन्फ्लमेटरी डिसीज, म्हणजे पीआयडी, हा ओटीपोटातल्या प्रजनन अवयवांचा जंतुसंसर्ग. योनीमार्गातले किंवा लैंगिक संबंधातून आलेले जंतू गर्भाशयमुख ओलांडून वर चढतात आणि गर्भाशयाचं अस्तर, गर्भनलिका, कधी अंडाशय यांना सूज आणतात. सोनोग्राफीत दिसतो तो अवयवांचा आकार. पू साठून गाठ झाली किंवा नलिका फुगली, तर ती दिसेल. पण सुरुवातीच्या दिवसांत नलिकेचं अस्तर आतून सुजलेलं असतं आणि बाहेरचा आकार जवळपास तसाच राहतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि त्यात यंत्राचीही चूक नसते, सोनोग्राफी करणाऱ्याचीही नसते. सौम्य आणि मध्यम पीआयडीत असा रिपोर्ट अगदी नेहमीचा आहे. “सोनोग्राफीत काही नाही” याचा अर्थ बहुतेक वेळा “अजून गळू झालेलं नाही” एवढाच. गळू होण्याची वाट कशाला पाहायची?

मग निदान होतं कसं? डॉक्टरच्या हातानं. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं काढून पाहा. लैंगिक संबंध आलेल्या तरुण स्त्रीच्या ओटीपोटात दुखतं आहे, दुसरं कारण सापडत नाही, आणि आतून तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर, गर्भाशयावर किंवा त्याच्या बाजूला दाबल्यावर दुखतं, यांतलं एक जरी असेल तरी उपचार सुरू करावेत, असं ती सांगतात. ताप, रक्तातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी, स्वॅबचा रिपोर्ट या गोष्टी निदानाला बळ देतात, पण त्यांच्यासाठी थांबायचं नसतं. स्वॅबवर तर फारच विसंबू नये. पीआयडीच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये गोनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडत नाही, तिथं दुसरे जंतू कामाला लागलेले असतात.

एवढ्याशा खुणेवर दोन आठवडे प्रतिजैविकं देणं उतावीळपणाचं वाटेल. ते तसं का नाही, याचं उत्तर स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या अभ्यासात आहे. १९६० ते १९८४ या काळात तिथं पोटात दुर्बीण घालून निदान पक्कं केलेल्या स्त्रियांवर पुढं अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. आजार एकदाच झालेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांना गर्भनलिका खराब झाल्यामुळे मूल होऊ शकलं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के होतं, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. याच नोंदींवरून १९९३ मध्ये आणखी एक निष्कर्ष निघाला. दुखायला लागल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत उशीर करणाऱ्यांना वंध्यत्व किंवा नलिकेतला गर्भ यांचा धोका जवळपास तिप्पट होता. तीन दिवस तर आपल्याकडे “आधी सोनोग्राफी करून या” यातच जातात.

सोनोग्राफीवरच्या या श्रद्धेची दुसरी बाजूही तितकीच त्रासदायक आहे. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते: गर्भाशयामागं थोडं पाणी, पुढं प्रश्नचिन्ह, आणि पीआयडी. दुखत नाही, ताप नाही, आतून तपासलं तर काही नाही, तरी “पाणी दाखवलंय” म्हणून औषधं सुरू होतात. अंडं फुटल्यावर तिथं थोडं पाणी दिसणं निरोगी स्त्रीमध्येही साधी गोष्ट आहे. तेच ‘बल्की’ गर्भाशयाचं. दोन-तीन बाळंतपणांनंतर ते थोडं मोठं असतंच, पण घरी निरोप जातो, “पिशवीला सूज आहे.” म्हणजे ज्या बाईला आजार आहे तिला कागद सोडून देतो, आणि जिला नाही तिला अडकवतो. सोनोग्राफी करू नका असं मी म्हणत नाही. गळू शोधायला, नलिकेतला गर्भ, अंडाशयाला पडलेला पीळ, अपेंडिक्स तपासायला ती हवीच. तपासणीच्या ऐवजी मात्र ती चालत नाही.

ही तपासणी होत का नाही? कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना संकोच आहे. डॉक्टर विचारतात, “लग्न झालंय का?” मुलगी म्हणते, “नाही.” दोघांनाही हायसं वाटतं आणि आतून तपासण्याचा विषय मिटतो. विचारायचं असतं ते वेगळंच: शारीरिक संबंध आले आहेत का, अलीकडे जोडीदार बदलला आहे का, गर्भपात किंवा तांबी बसवणं झालं आहे का. जंतू लग्नाचा दाखला मागत नाहीत. उलट बाजूनं, लग्न झालेल्या बाईला हे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानलं जातं आणि संसर्ग नवऱ्याकडून आला असेल ही शक्यता कुणी तोंडातून काढत नाही. ज्या महर्षी कर्व्यांचं नाव या भागाला आहे, त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहीत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. शंभर वर्षं होत आली. त्यांच्याच वडिलांच्या नावाच्या नगरात अजून ‘लग्न झालंय का’वरच गाडी अडते.

हे पुण्याचंच दुखणं आहे असंही नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, प्रत्येकीमागं सरासरी ३.६. त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के. गडचिरोलीत तपासणारं कुणी नव्हतं. कर्वेनगरात डॉक्टरांच्या पाट्या हाताच्या अंतरावर आहेत, तरी तपासणी होत नसेल तर दोष अंतराला देता येणार नाही.

अठरा वर्षांवरच्या मुलीनं एक लक्षात ठेवावं. डॉक्टरला सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. आईवडिलांना किंवा पीजीच्या मालकिणीला ते कळवण्याचं कारण नाही. तपासताना खोलीत नर्स असावी, असं सांगता येतं. आणि डॉक्टर विचारत नसतील तर आपणच म्हणावं, “संबंध आलेले आहेत, आतून तपासणी करायची का?” एवढं एक वाक्य पुष्कळ काम करतं.

आता उपचार. मेडिकलवाल्याकडून “पोटाच्या इन्फेक्शनची” पाच गोळ्यांची पट्टी आणायची, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या, हा आपला राष्ट्रीय उपचार. पीआयडीचा कोर्स १४ दिवसांचा असतो आणि त्यात एकापेक्षा जास्त प्रतिजैविकं असतात, कारण जंतूही एका जातीचे नसतात. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं लैंगिक आजारांसाठी रंगांची औषधपाकिटं ठरवली आहेत. ओटीपोटदुखीचं पाकीट सहा नंबरचं, पिवळं: सेफिक्झिमची एक मात्रा, शिवाय डॉक्सीसायक्लीन आणि मेट्रोनिडॅझोल दिवसातून दोनदा, १४ दिवस. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ते मोफत मिळतं. ही नावं दुकानात जाऊन मागायला दिलेली नाहीत. गरोदरपणात डॉक्सीसायक्लीन चालत नाही आणि तेव्हाचे उपचार वेगळे असतात. घरी उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन तर घेऊच नये. भारतातला गोनोरिया तिला केव्हाच जुमानेनासा झाला आहे.

औषधं सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचं असतं. बहुतेक जणी जात नाहीत. बरं वाटलं तर कशाला, आणि नाही वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे! ७२ तासांत फरक पडला नाही, तर निदान चुकलं आहे, गळू झालं आहे किंवा औषध बदलायला हवं आहे. हे ज्यानं पहिल्यांदा तपासलं त्यालाच सर्वांत लवकर कळतं. आपल्याकडे अशा वेळी जननेंद्रियांच्या क्षयरोगाचाही विचार व्हायला हवा. त्यात दुखणं रेंगाळतं, पाळी कमी होते, नेहमीच्या प्रतिजैविकांनी काही होत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून शोध घेता येतो आणि औषधं सरकारी योजनेत मोफत असतात.

जोडीदाराचे उपचार हा सर्वांत टाळला जाणारा भाग. “मला काही त्रास नाही” म्हणणाऱ्या पुरुषाच्या शरीरात क्लॅमिडिया निवांत राहू शकतो. गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदाराची तपासणी आणि उपचार व्हायला हवेत आणि दोघांचाही कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायला हवेत. नाहीतर लुंडच्या दुसऱ्या आकड्याकडे वाटचाल सुरू होते.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत आटोपतो.

अंगावरून पांढरं गेल्यानं हाडं झिजतात: नाही, आणि वास, खाज, दुखणं नसेल तर ते पांढरं जाणं बहुधा आजारही नसतो.

सार्वजनिक शौचालयातून पीआयडी होतो: होत नाही, लघवी तुंबवून ठेवल्यानं वेगळा त्रास मात्र होतो.

व्हजायनल वॉशनं आत धुतलं की संसर्ग टळतो: आत पाणी मारल्यानं तिथले उपयोगी जंतू जातात, धोका वाढतो.

तांबीमुळे पीआयडी होतो: धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, आणि आजार झाला म्हणून ती लगेच काढावीच लागते असं नाही.

सलाईन लावल्याशिवाय बरा होत नाही: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ८३१ स्त्रिया होत्या, आणि सौम्य-मध्यम आजारात घरी औषधं घेणाऱ्या व भरती झालेल्या यांच्यात पुढच्या गर्भधारणेच्या बाबतीत फरक पडला नाही.

एक गैरसमज मात्र एका ओळीत आटोपण्यासारखा नाही: “पिशवी काढली की कटकट संपली.” २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक जणी ऐन तिशीत ऑपरेशन करून परतल्या. गोळ्यांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या संसर्गावर गर्भाशय काढणं हा उपचार नव्हे. औषधांना दाद न देणारं गळू किंवा तसंच गंभीर कारण असेल तरच ऑपरेशनचा प्रश्न येतो, आणि तेव्हाही सगळं काढावं लागतंच असं नाही. “पिशवीला सूज आहे, काढून टाकू” एवढ्यावर कुणी तारीख देत असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आतून तपासून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी, पाळी चुकली असो वा नसो, गर्भधारणेची तपासणी करून घ्या. नलिकेतला गर्भ फुटला तर तासांचा खेळ असतो. दुखण्याबरोबर चक्कर, खांद्यात कळ, थंडी वाजून ताप, सततच्या उलट्या यांतलं काही असेल तर सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, सोनोग्राफी सेंटर उघडण्याचीही नाही. त्याच रात्री रिक्षा करून मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि कुणीतरी सोबत न्या.